सिलोन लागतो का?

पुसेगावच्या, म्हसवडच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेत बैल घ्यावयास निघालेला शेतकरी पूर्वी सहसा एकटा जात नसे. ज्याच्या दावणीला उभ्या आयुष्यात दहावीस जोड्या येऊन गेल्या आहेत आणि ज्याच्या शब्दाला पंचक्रोशीत मोल आहे, असा गावातला एखादा जाणता माणूस तो आदल्या दिवशीच घरी जाऊन, विनंती करून ठरवून येई, आणि त्याच्या जाण्यायेण्याची व भाकरतुकड्याची तजवीज करणे हा खरेदीच्या खर्चाचाच एक भाग मानला जाई. बाजारात पोहोचल्यावर हा जाणता जनावराचा जबडा उघडून ते अदंत आहे, दोनदाती, चारदाती, सहादाती आहे की जुळलेले आहे याचा निवाडा करी. वशिंड, खांदा, छाती आणि खूर यांवरून हात फिरवी. दहा पावले चालवून चाल न्याहाळी. आणि त्याचे समाधान झाले म्हणजे मग हेड्याशी रुमालाखाली बोटे धरून भावाची मुकी बोलणी सुरू होत. बाजाराचा हा भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो, म्हणून त्याची वर्णने पुष्कळ झाली. त्यापूर्वी, घरच्या ओसरीवर, जाणत्याने शेतकऱ्याला जो प्रश्न केलेला असे, त्याची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. तो विचारी, “रान कसलं हाय तुझं? काळं का मुरमाड? अन् वढ कशाची, नांगराची का गाडीची?”

याचे उत्तर मिळाल्यावाचून जाणता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसे, कारण नुसता ‘चांगला बैल’ अशी काही वस्तू त्याच्या हिशेबी जगात नव्हतीच. खिल्लार चपळ, काटक आणि थोडा तापट. माणदेशातल्या हलक्या, कोरड्या रानात आणि गाडीच्या लांबच्या पल्ल्याला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण अकोले-इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात, भाताच्या चिखलात त्याचे हाल होतात, आणि तेथे ज्याच्या कातडीला ओशटपणा असल्यामुळे पाणी मुरत नाही व ज्याचे खूर टणक असतात असा डांगीच उपयोगी पडतो. उदगीरकडच्या भारी काळ्या जमिनीला देवणी मानवतो. तेव्हा जनावराचे दात पाहण्याआधी माणसाचे रान पाहावे, हा त्या विद्येचा आरंभ होता, आणि ती कोणत्याही पुस्तकात नसून वहिवाटीने चालत आलेली होती.

मराठी घरात गेल्या शंभर वर्षांत जी जी यंत्रे आली, त्यांच्या खरेदीचा इतिहास हा यंत्रांपेक्षा या पहिल्या प्रश्नाचा इतिहास म्हणून लिहावा, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. त्याचे कारण घरगुती आहे. माझी एक आत्या पुण्यात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर, आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविण्यात गेले. तीन वर्षांपूर्वी तिचा जुना बटनांचा फोन बंद पडला, तेव्हा तिने मोठ्या विश्वासाने मला सांगितले आणि मी तिच्यासाठी एक उत्तम स्मार्टफोन निवडून आणला. उत्तम म्हणजे, त्या किमतीत मिळणाऱ्या फोनांच्या अंकांची मी ओळीने तुलना केली आणि ज्याचे अंक सर्वांत मोठे तो घेतला. दिवाळीला गेलो तेव्हा तो फोन कपाटाच्या खणात, पेटीसकट, नीट पुसून ठेवलेला होता आणि आत्या शेजारणीच्या फोनवरून बहिणीशी बोलत होती. तो तिच्या हातात मावत नव्हता, दोनदा निसटला होता, आणि पुन्हा पडून फुटेल या धास्तीने तिने तो वापरणेच सोडले होते. मला तिने एका शब्दानेही बोल लावला नाही. ओसरीवरचा तो प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळले आणि ते अजून मनाला लागून आहे.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि हळूहळू श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून रेडिओ दिसू लागला. तो बाळगावयास सरकारी परवाना लागे. आरंभी त्याची फी वर्षाला १० रुपये होती, आणि टपालकचेरीत जाऊन परवान्याची मुदत वाढवून घेण्याचा हा दस्तूर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या आयुष्यातील घराखालोखालची मोठी खरेदी म्हणजे रेडिओ. ठाण्याच्या कारखान्यात तयार होणारा मर्फी घ्यावा, फिलिप्स घ्यावा की बुश, याचा खल महिनोन्‌महिने चाले, आणि दुकानात जाताना बरोबर कोणी तरी जाणता असेच. बहुधा तारायंत्र कचेरीतला नातेवाईक, शाळेतले विज्ञानाचे मास्तर, किंवा आळीतला एखादा हौशी तरुण, ज्याने स्वतःच्या हाताने जाळीची एरियल भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसविलेली असे. व्हॉल्व्ह किती, पट्टे किती, हिरवा डोळा आहे की नाही, हे तो पाही. परंतु घरातल्या बायकामुलांनी त्याला निघतानाच एक प्रश्न बांधून दिलेला असे: सिलोन लागतो का?

या प्रश्नाच्या मागे फार मोठा कारभार होता. १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली, शास्त्रीय संगीताला मानाचे पान मिळाले, आणि गाण्यांचे वेडे असलेले सारे श्रोते लघुलहरींवरून येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज सुरू झाला की गल्ल्या शांत होत. विविधभारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली खरी, पण तोवर सिलोनची सवय हाडीमांसी भिनली होती. ज्या सासुरवाशिणीला व्हॉल्व्ह म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, लघुलहरी आणि मध्यमलहरी यांतला भेद ज्या मुलाला सांगता आला नसता, त्यांना आपल्याला काय हवे आहे हे मात्र अचूक ठाऊक होते, आणि त्या तीन शब्दांत यंत्राची सारी परीक्षा सामावलेली होती. कारण ज्या संचावर दूरचा, क्षीण, लाटेसारखा येणारा-जाणारा सिलोन स्वच्छ लागे, तो संच ग्रहणशक्तीला उत्तम असलाच पाहिजे. दुकानदारालाही हे माहीत असे. तो आपण होऊन काटा फिरवून सिलोन लावून दाखवी.

टेलिफोनच्या बाबतीत असा प्रश्न कधी उपस्थितच झाला नाही, आणि ही या इतिहासातील मोठी विलक्षण पोकळी आहे. मुंबईत टेलिफोन आला तो १८८२ साली; मुंबईची टेलिफोन यंत्रणा सरकारने आपल्या ताब्यात घेतली ती १९४३ साली; १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि तिचा काळा, वजनदार, तबकडीचा फोन घरोघरच्या तिपाईवर क्रोशाच्या रुमालाखाली विराजमान झाला. पण तो कोणी निवडला नव्हता. अर्ज करावा, अनामत भरावी, वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे, आणि एके दिवशी खात्याचा लाइनमन येऊन जो देईल तो हात जोडून घ्यावा, कारण यंत्र खात्याच्या मालकीचे, ग्राहकाचे नव्हे. ज्यांना तेही लाभले नाही ते शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्त्याखाली ‘पी.पी.’ अशी खूण करून छापीत, आणि त्या शेजाऱ्याने हाक मारली की हातातले काम टाकून धावत जात. १९९१ साली एवढ्या मोठ्या देशात सुमारे ५० लाख टेलिफोन होते. तीन-चार पिढ्यांना या वस्तूची पारख करण्याचा प्रसंगच आला नाही, आणि पुढे एकाएकी निवडीचे दार उघडले तेव्हा घरात त्या विषयाचा जाणता असा कोणीच नव्हता, याचे मूळ मला येथे दिसते.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून देशातील पहिला मोबाइल संवाद झाला, आणि त्याच सुमारास मुंबईत बीपीएल व मॅक्सटच या दोन कंपन्यांची सेवा आली. बाहेर बोलावयाचे तर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या घरात खर्च, आणि दुसऱ्याने आपल्याला केलेल्या फोनचेही पैसे आपणच द्यावयाचे. त्यामुळे ही चैनीची वस्तू उद्योजकांपलीकडे गेली नाही. दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा यांचे मिळून एक परिमंडळ होते व मुंबई त्यातून वेगळी काढलेली होती, सबब पुण्याचा मनुष्य घाट उतरून मुंबईकडे गेला की परमुलखात गेल्यासारखा त्याला वेगळा दर पडे. १ मे २००३ पासून येणारे फोन नि:शुल्क झाले, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात देण्याची योजना आणली, आणि तेव्हापासून भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या खिशात फोन वाजू लागला.

आणि येथे तो ओसरीवरचा प्रश्न पुन्हा जिवंत झालेला दिसतो, हे सांगताना मला मोठा आनंद होतो. त्याच २००३ साली नोकियाचा ११०० हा साधा फोन आला. त्याला कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. बटनांवर धूळ आत न जाऊ देणारे रबरी आवरण होते, आणि माथ्यावर एक लहानसा टॉर्च होता. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले, असा दुसरा फोन झाला नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत ती भारनियमनाची वर्षे होती. शेतीची वीज रात्री-अपरात्री येई आणि दारे धरायला, मोटार सुरू करायला बारा-एक वाजता बांधावरून जावे लागे. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात हा फोन, पुढे विंचूकाट्याच्या वाटेवर त्याचा वाटोळा उजेड. दुकानात आलेला शेतकरी सरळ विचारी, “बॅटरी हाय का ह्याला?” आणि बॅटरी म्हणजे त्याला टॉर्च अभिप्रेत असे. दुसरा प्रश्न, “आमच्याकडं रेंज कुणाची येते?” याचे उत्तर गावातल्या पोरांना तोंडपाठ असे, आणि कोकणात तर अमुक कंपनीची रेंज अमुक आंब्याखाली येते इतक्या बारकाईने ते मिळे. अशिक्षित म्हणून ज्यांची गणना होई त्या माणसांनी केलेली ही निवड, माझ्या मते, अत्यंत शहाणपणाची होती. त्यांना यंत्र कळत नव्हते, पण आपली रात्र कळत होती.

त्यानंतर काही वर्षे मोठ्या आवाजाचे, दोन सिमांचे स्वस्त ‘चायना’ फोन आठवडी बाजारात कांद्याबटाट्याशेजारी पालावर विकले गेले. त्यांतील पुष्कळांना प्रत्येक फोनची ओळख ठरविणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकच नव्हता, आणि डिसेंबर २००९ पासून असे फोन बंद करण्याचा सरकारचा हुकूम निघाला, तेव्हा लोक पैसे मोजून आपल्या फोनात क्रमांक घालून घ्यावयास दुकानांपुढे उभे राहिले. बैलाचे दात न पाहता केलेल्या खरेदीची ती किंमत होती. आजही फोन घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटने दाबून पडद्यावर उमटणारा क्रमांक पेटीवरच्या व पावतीवरच्या क्रमांकाशी रुजवात करून पाहावा. दात पाहण्याची ही नवी रीत आहे, आणि ती शिकावयास कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही.

स्मार्टफोन आला आणि हा प्रश्न हळूहळू लोपला. त्याचे कारण लोक भोळे झाले हे नव्हे. या वस्तूचे काम एक राहिले नाही, हे आहे. टॉर्चचा फोन घेणाऱ्याला आपले काम ठाऊक होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आला, इंटरनेट जवळजवळ फुकट झाले, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, २०२० साली शाळाच फोनवर भरली. चार वर्षांत हा फोन पेढी, टपालकचेरी, वर्ग, चित्रपटगृह आणि छायाचित्रांची पेटी होऊन बसला. ज्या वस्तूचा उपयोग सर्वच गोष्टींसाठी होतो, तिला काय विचारावे हे सुचेनासे होते, आणि त्या रिकाम्या जागी अंक येऊन बसले. मेगापिक्सेल, जीबी, मिलिॲम्पिअर. अंकांची तुलना करता येते, म्हणून विक्रेता ते सांगतो आणि ग्राहक ते ऐकतो. काही दुकानांत तर समोर उभा असलेला हसतमुख तरुण दुकानाचा नसून एका विशिष्ट कंपनीचा पगारी प्रचारक असतो. २०१४ पासून फोन थेट संकेतस्थळांवरून विकले जाऊ लागले, तेव्हा काटा फिरवून सिलोन लावून दाखविणारा दुकानदारही मध्ये राहिला नाही.

जाणताही बदलला. पूर्वी तो घरातला वृद्ध असे, आता नातू असतो, आणि नातवाचे ज्ञान खरे असते यात संशय नाही. परंतु त्याला ज्ञान आहे ते यंत्राचे; आजीची बोटे कोरडी पडली आहेत, तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत म्हणून ठसा उमटत नाही, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येते, हे त्याने कधी ध्यानात घेतलेले नसते. मीही घेतले नव्हते.

यंदा पाडव्याला मी आत्याला बरोबर घेऊन दुकानात गेलो. जाण्यापूर्वी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला दिवसभरात फोनवर काय करावेसे वाटते ते विचारले, आणि तिने मोजून चार गोष्टी सांगितल्या: कराडच्या धाकट्या बहिणीशी बोलणे, तिने पाठविलेली नातवंडांची छायाचित्रे पाहणे, पेन्शन जमा झाल्याचा बँकेचा संदेश वाचणे, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रांना मराठीत उत्तरे लिहिणे. दुकानातल्या मुलाने अदबीने “आजी, ह्यात पन्नास मेगापिक्सेल आहे,” असे म्हणून आरंभ केला, तेव्हा आत्याने त्याला मध्येच थांबवून फोन हातात मागितला. प्रथम ती तो एका हातात धरून उभी राहिली, बराच वेळ. मग अंगठा पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो का ते पाहिले. मोठे दोन फोन तिने तेथेच बाजूला ठेवले. तिसऱ्यावर मी अक्षरे मोठी करून दिली आणि तिने एक-एक कळ दाबून ‘तऱ्हा’, ‘दऱ्याखोरे’ आणि ‘ॲडमिशन’ असे तीन शब्द लिहिले.

हे तीन शब्द तिने का निवडले ते शिक्षकालाच कळेल. पहिल्यावहिल्या स्मार्टफोनांत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत. पुढे अक्षरे आली तरी ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र फुटून जाई. आणि मराठीचा ‘ॲ’ हा युनिकोडच्या कोशात स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला तोच मुळी २००८ साली, त्यामुळे जुन्या संचांवर तो कित्येक वर्षे उमटलाच नाही. तीन शब्द शुद्ध उमटलेले पाहून आत्याच्या मुद्रेवर जे समाधान दिसले, ते मी वर्णन करू शकत नाही. त्यानंतर तिने अंगठ्याचा ठसा लावून पाहिला; सहा वेळा लावला तरी घेतला गेला नाही, तेव्हा आकड्यांचा साधा संकेत ठेवावयाचे ठरले. शेवटी तिने मुलाला विचारले, “बाळ, ह्यात माझं सिम घालून माझ्या बहिणीशी बोलू देशील का? तिचा आवाज बारीक आहे.” मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि दाखवण्यासाठी ठेवलेल्या फोनात तिचे सिम घातले. फोन उजव्या कानाशी धरून, गल्ल्याच्या गजबजाटात, ती दोन मिनिटे बोलली.

मला तेव्हा सिलोनची आठवण झाली.

जो फोन तिने पसंत केला त्याची किंमत मी पूर्वी आणलेल्या फोनच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. मी फक्त दोन गोष्टी विचारल्या. कंपनी त्याला सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे पुरविणार, कारण ती मुदत कुणाची दोनतीन वर्षे तर कुणाची सात वर्षे अशी फार निरनिराळी असते आणि बँकेचे संदेश ज्यावर येणार त्या फोनात ती महत्त्वाची. आणि छायाचित्रे साठवावयास जागा किती, कारण रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे ती जागा बघता बघता भरून टाकतात. आयएमईआयची रुजवात आत्याने स्वतः केली, एकेका अंकावर बोट ठेवून, हजेरी घ्यावी तशी.

परवा तिच्याकडे गेलो असता ती फोनवरच होती. कराडच्या धाकट्या आत्याचा फोन जुना झाला आहे आणि तिला नवा घ्यावयाचा आहे, असे बोलण्यावरून कळले. पलीकडून बहुधा ‘तुझाच कोणता ते सांग, तोच घेते’ असे काहीसे आले असावे, कारण आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “माझा राहू दे गं. आधी मला सांग, तू दिवसभर त्याच्यावर करतेस काय?”